शनिवारी घाणा बंद

इझिकेल पेणकरांना कुठल्याही शहराचं नाव सांगितलं की ते तिथली लोकसंख्या विचारत नसत. ती त्यांना बहुधा पाठ असे. ते विचारत, "तिथे पाऊस आला की माणसं कुठे जातात?"

वेल्समधल्या कार्डिफला आमच्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात आम्ही काही वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काम केलं. माझं काम सामन्यांची आखणी. कुठला संघ, कुठलं मैदान, बस किती वाजता, पंच कोण, सामन्यानंतर पाहुण्या संघाला खायला काय. मी याद्यांवर जगणारी बाई आहे आणि मला त्याचा संकोच वाटत नाही. याद्या नसत्या तर आमचा हॉकीचा संघ आजही सेव्हर्न नदीच्या पलीकडे बसची वाट बघत उभा असता. पेणकरांचं काम वेगळं. आमच्या संघांचे सामने बघायला कोण येतं, का येतं आणि कुठल्या गटात खेळलो तर जास्त लोक येतील, हे त्यांनी सांगायचं. कार्डावर 'ॲनालिस्ट' असं लिहिलेलं होतं. मराठीत ते स्वतःला शिरगणतीवाला म्हणवत.

ही मराठी उशिरा बाहेर आली. पहिले पंधरा दिवस ते माझ्यासाठी नुसते 'झीक' होते. लहानखुरे, गव्हाळ, साठी उलटलेले, टाय लावून येणारे. मला ते पोर्तुगालकडचे वाटले होते. एक दिवस मी जेवणाच्या सुट्टीत पॅन्ट्रीत उभी राहून नाशिकला आईशी फोनवर बोलत होते. इथे कुणाला कळणार नाही या भरवशावर आपण परदेशात फार मोकळं बोलतो. मी म्हटलं, "अगं, आमचा साहेब म्हणजे नुसता फुगा आहे."

पाठीमागून चहा ढवळण्याचा आवाज थांबला. "फुगा बरा," कुणीतरी मराठीत म्हणालं. "निदान फुटतो तरी."

मी वळून पाहिलं. झीक चमचा धुऊन जागेवर ठेवत होते.

"तुम्ही मराठी?"

"पेणकर. नावात पेण आहे, वेगळं काय सांगू? आमची मंडळी मूळची अलिबागकडची, मी भायखळ्यात वाढलो. ज्यू आहोत आम्ही, बेने इस्रायल. आईला माझा नमस्कार सांगा, सुजाताबाई, आणि साहेबांविषयी जरा हळू बोलत चला. भिंतीला कान असतात, आणि आमच्यातले काही कान मराठी असतात."

त्या दिवसापासून आमचं सगळं बोलणं मराठीत. त्यांची मराठी जुन्या मुंबईची होती. ऑफिसला कचेरी, ट्रेनला आगगाडी. लंडनला असलेली त्यांची मुलगी लिआ मराठी समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे साठलेली मराठी माझ्यावर रिकामी व्हायची. मी त्यांना सुरुवातीला 'सर' म्हणत असे. ते म्हणाले, "सर नको. इथे सर म्हटलं की राजाने तलवार खांद्याला लावली असेल असं वाटतं." मग काका झाले. ते मात्र मला शेवटपर्यंत 'सुजाताबाई' आणि 'तुम्ही'.

दोन सवयी आधी सांगायला हव्यात. एक म्हणजे बूट. आमच्या ऑफिसात सगळ्यांचे गमबूट दाराशी रांगेत उभे असत; मैदानावर जायचं तर ते घालायचे. पेणकर कधीच घालत नसत. काळे चामड्याचे बूट, रोज पॉलिश केलेले, त्याच बुटांनी ते चिखलात जात. परत आले की मागच्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसत आणि ब्रशने ते साफ करत. मी एकदा म्हटलं, "काका, गमबूट घ्या की. मी ऑर्डर देते, मापच सांगा."

"लोकांना बघायला जायचं तर बरे कपडे करून जावं," ते म्हणाले. "देवळात आपण गमबूट घालून जातो का?"

दुसरी सवय म्हणजे शनिवार. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन बंद होई तो शनिवारी अंधार पडल्यावरच चालू होई. ग्रेगला, म्हणजे आमच्या त्या साहेबांना, वाटायचं की झीक मासे पकडायला जातो. पेणकरांनी तो गैरसमज दूर केला नव्हता. मला मात्र पहिल्याच महिन्यात कारण कळलं, कारण मी शनिवारी सकाळी बसच्या भानगडीत त्यांना पाच वेळा फोन केला होता.

सोमवारी ते शांतपणे म्हणाले, "आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे. शनिवारी काम बंद. गावातले लोक आम्हाला शनवार तेलीच म्हणायचे. आता तेल गेलं, घाणा गेला, बैल गेला. वार तेवढा राहिला." मग हसून म्हणाले, "म्हणून शनिवारी घाणा बंद."

बाकी ते फार कर्मठ होते असं नाही. पण शनिवार म्हणजे शनिवार.

आता यात अडचण कुठे आहे ते सांगते. तरुणपणी ते संख्याशास्त्र शिकायला अमेरिकेत गेले होते, मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका लहान गावात. गावापेक्षा कॉलेजचं फुटबॉलचं मैदान मोठं. तिथे कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. एका गटात वेगवेगळ्या राज्यांची कॉलेजं, आणि ती वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळतात. सामने शनिवारी. सामन्याच्या दिवशी न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत सगळं गाव उशा आणि घोंगड्या घेऊन स्टेडियमवर जाई. पेणकरांची घरमालकीण त्यांना दर शनिवारी दारातून विचारी, "येतोस का?" आणि ते दर शनिवारी नाही म्हणत. चार वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिला नाही. ते खिडकी उघडी ठेवून बसत आणि ऐकत.

"आवाजावरून मला सगळं समजायचं," ते सांगत. "जिंकताना कुणीही ओरडतं, त्यात काही नाही. आपण हरत असताना जो आवाज येतो ना, तो खरा. आमच्याच गटात एका प्रचंड शहरातलं कॉलेज होतं. घरोघर टीव्ही, पैसा, सगळं. ते आमच्या गावात खेळायला आले की त्यांच्या बाजूने फक्त त्यांचा बँड वाजायचा. मार्केट एवढं मोठं, आणि ते घरी बसलेलं."

त्या खिडकीतून त्यांना त्यांचा धंदा मिळाला. मार्केट किती मोठं आणि त्यातलं उठून येतं किती, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ते जन्मभर लोकांना सांगत राहिले. त्याचे पैसेही मिळाले. लंडनमध्ये पुष्कळ वर्षं मोठ्या क्लबांसाठी हेच काम केलं. मग उतारवयात, कमी पगारावर, ते आमच्याकडे का आले? कारण ब्रिटनमधल्या विद्यापीठांत बुधवारी दुपारी तास नसतात. ती दुपार खेळांसाठी मोकळी असते. बुधवारी!

"सुजाताबाई, सगळ्या जगाचा खेळ शनिवारी," ते म्हणत. "माझ्या वाट्याला हा एक बुधवार ठेवला होता. साठी उलटेपर्यंत मला पत्ता नव्हता."

बुधवारी दुपारी ते मुलींच्या रग्बी संघाच्या सामन्याला हजर असत. पाऊस, वारा, गारा, काही असो. मुलींचाच संघ का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "यांना बघायला कमी लोक येतात. कमी लोक असले की प्रत्येकाकडे नीट बघता येतं." संघाची कप्तान कॅरिस नावाची रुंद खांद्यांची मुलगी होती. ती त्यांना 'मिस्टर पी' म्हणे आणि सामना सुरू होण्याआधी टचलाइनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेपर्यंत, येऊन त्यांचे बूट बघून शिट्टी वाजवी.

त्यांची पद्धत मी पहिल्यांदा ब्रिस्टलला पाहिली. बसमध्ये एक जागा रिकामी होती म्हणून मी गेले होते. मध्यंतराला पाऊस आला. मी सवयीने छत्री उघडली. पेणकर म्हणाले, "मिटा ती. आता खरी शिरगणती. आत्तापर्यंत दिसत होते ते कोरडे प्रेक्षक. आता ओले मोजायचे."

अर्धे लोक कॅफेकडे पळाले. उरलेल्यांकडे ते पाहत राहिले. "आणि ऐका, हाक कशी मारतात. 'चला, निळे' अशी मारतात का 'चल गं, कॅरिस' अशी? रंगाला हाक मारणारा आज आलाय. नावाने हाक मारणारा पुढच्या वेळीही येईल."

सामना संपल्यावर सगळे बसकडे गेले आणि हे टचलाइनच्या कडेने उलटे चालत निघाले, मान खाली घालून. काही हरवलं असेल असं वाटून मीही शोधायला लागले.

"काय पडलं?"

"काही नाही. वाचतोय." त्यांनी बुटाच्या टोकाने दाखवलं. "इथे बघा, गवत नुसतं आडवं झालंय. इथून कुणीतरी चालत गेलं. आणि इथे खड्डा झालाय. टाचा रुतल्यात. इथे एक माणूस सबंध सामनाभर उभा होता आणि मधूनमधून उड्या मारत होता. तिकिटं खोटं बोलतील, सुजाताबाई. चिखल खोटं बोलत नाही."

बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माझ्या यादीप्रमाणे आम्हाला निघायला उशीर झाला होता. मी त्यांना दंडाला धरून आणलं.

मग ग्रेग अमेरिकेत एका परिषदेला जाऊन आला आणि तिथून 'कॉन्फरन्स' हा शब्द घेऊन आला. त्याच सुमाराला विद्यापीठांच्या गटांची फेररचना ठरली आणि मुलींच्या रग्बी संघासाठी आम्हाला दोन गटांतून एक निवडायचा होता. पहिला मोठ्या शहरांचा. लंडन आणि आणखी तशीच शहरं, सामने बुधवारीच, इंटरनेटवर थेट प्रक्षेपण. दुसरा गट सेव्हर्नच्या दोन्ही काठांवरच्या लहान गावांचा. मधे नदीवरचा पूल, म्हणून आम्ही त्याला पुलाचा गट म्हणायचो. त्यात विद्यापीठाचे सामने गावोगावच्या क्लबांच्या मैदानांवर, तिथल्या पुरुषांच्या सामन्याआधी व्हायचे. आणि गावातला सामना शनिवारी असतो. त्यामुळे त्या गटातले सगळेच सामने, आमच्या घरच्या मैदानावरचेसुद्धा, शनिवारी.

आदल्या वर्षी आमच्याकडचे दोन संघ बंद झाले होते. कारण कागदावर काहीही लिहिलेलं असो, खरं कारण एकच: कुणी बघायला येत नव्हतं. आता पाळी मुलींच्या रग्बीची आहे हे कॅरिसलाही माहीत होतं. चुकीचा गट निवडला तर एका वर्षात संघ गुंडाळला गेला असता.

ग्रेगचं मत ठरलेलं होतं. "झीक, लंडन!" तो कँटीनमध्ये म्हणाला. "केवढं मार्केट आहे बघ. हे पुलाच्या गटातले लोक, त्यांच्या गावात धड एक सुपरमार्केट नाही."

पेणकरांनी टेबलावरची सॉसची पाकिटं ओढली. केचपची पाकिटं ढीगभर एका बाजूला, व्हिनेगरची तीनचार दुसऱ्या बाजूला. "हे लंडन," त्यांनी केचपवर हात ठेवला. "आणि हे तुझं सुपरमार्केट नसलेलं गाव. आता सांग, आज चिप्सवर तू यातलं काय घेतलंस?"

ग्रेगने ताटाकडे पाहिलं. व्हिनेगर.

"ढीग केचपचा, पण तू उठून आणलंस ते व्हिनेगर."

"ते चिप्स आहेत म्हणून. हा काही पुरावा नाही."

"नाही," पेणकर म्हणाले. "म्हणून तर जाऊन बघायला हवं."

लंडनला ते बुधवारी स्वतः गेले. झकास स्टेडियम भाड्याने घेतलेलं, गाणी, फुकट टी-शर्ट, फुकट पिझ्झा. आकडा मोठा होता. परत आल्यावर बूट साफ करता करता ते म्हणाले, "मध्यंतराला पिझ्झा संपला. त्यानंतर प्रेक्षकही संपले. पाऊससुद्धा लागला नाही हो."

राहिली पुलाच्या गटाची चाचणी. व्हॅलीतल्या, म्हणजे कार्डिफच्या वरच्या डोंगरखोऱ्यातल्या, एका गावात आमच्या मुलींचा मित्रत्वाचा सामना ठरला, अर्थातच शनिवारी. शुक्रवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले.

"सुजाताबाई, उद्या माझे डोळे व्हाल का?"

"त्यात काय एवढं? मी मोजून आणते. तक्ता केलाय."

"तक्ता घरी ठेवा. मोजू नका. नुसतं बघा कोण राहतं, आणि ऐका कशी हाक मारतात. बस्स."

तक्ता नाही म्हटल्यावर मी रिकाम्या हातांनी गेले, आणि मला सांगायला हवं की ते मला मुळीच आवडलं नाही. हात कुठे ठेवावे कळेना. डोंगर उतरून पाऊस आडवा येत होता. पुरुषांचा सामना दुपारी होता. मुलींचा त्याच्या आधी. ग्रेगचा आक्षेप हाच होता की लोक पुरुषांसाठी येणार, मुलींना कोण विचारतो? तर क्लबच्या किचनमधल्या बायका हातातली फडकी तशीच घेऊन बाहेर येऊन उभ्या राहिल्या. टोप्या घातलेले म्हातारे कुंपणाला टेकून उभे. त्यांच्या आठ नंबरच्या खेळाडूला हाक होती, 'अगं ए, खाटकाची नात!' कुणीही हललं नाही. कॅरिसने त्यांच्या एका मुलीला दणकून पाडलं तेव्हा एक आजीबाई आमच्या राखीव खेळाडूंना विचारून आल्या, हिचं नाव काय म्हणून. आणि त्यानंतर सामना संपेपर्यंत त्या गावाने कॅरिसला नावाने शिव्या घातल्या.

शनिवारी अंधार पडल्यावर पेणकरांचा फोन आला. अंधार पडल्यावर म्हणजे लगेच. मी अजून ओले मोजे काढत होते.

"बोला."

मी सगळं सांगितलं. खाटकाच्या नातीचं ऐकून ते हसले. मग मी आजीबाईंचं सांगितलं.

"नाव विचारून आल्या? आपल्या मुलीचं? आणि मग शिवी दिली?"

"हो. काय दिली ते नाही सांगणार."

"नका सांगू. नावाने दिली ना? मग झालं." पलीकडे त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मग झालं," ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी वेगळ्या आवाजात.

सोमवारी ते अहवाल लिहायला बसले. मी व्यवहारी बाई आहे. जे दिसत होतं ते बोलून टाकलं. "काका, तुम्ही मोठ्या शहरांचा गट लिहिलात तर ग्रेग खूश, बुधवार कायम, आणि तुम्हाला कुणी काहीही म्हणणार नाही."

"मी म्हणेन ना," ते म्हणाले. "आणि संघ?"

"संघ कदाचित तिथेही टिकेल."

"पिझ्झावर?" त्यांनी चष्मा पुसला. "आई-बाप नोकरी करतात, बुधवारी दुपारी येणार कसे? गावातल्या क्लबात खेळणाऱ्या लहान मुली बुधवारी शाळेत. शनिवारी त्या सगळ्या मोकळ्या. हे मला गेल्या वर्षापासूनच दिसत होतं. नीट बघायचं टाळत होतो इतकंच."

"मग शनिवारी चालत या की मैदानावर. घरापासून लांब नाही. तिकीट नाही, गाडी नाही. नुसतं उभं राहायला कोण अडवतंय?"

हे मी त्यांना धर्मातली पळवाट शोधून दिल्यासारखं म्हटलं. त्यांनी ते माझ्या आधीच तपासलेलं होतं.

"कुणी अडवत नाही. पण मी तिथे उभा राहिलो की मोजणार. मला न मोजता बघता येत नाही, सुजाताबाई. आणि मोजणं हे माझं काम आहे." त्यांनी खांदे उडवले. "शनिवारी घाणा बंद."

बैठकीत त्यांनी पुलाच्या गटाची शिफारस केली. ग्रेगने अहवाल वाचला, खुर्चीत मागे रेलला, आणि त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "पण झीक, शनिवारी तर तू कधीच नसतोस."

"प्रेक्षक असतील," पेणकर म्हणाले.

ग्रेग फुगा असेल, पण त्याला वाचता येत होतं. त्याने वाद घातला, दोन दिवस कुरकुर केली आणि मग सही केली. मी लगेच शनिवारच्या बसेसची चौकशी सुरू केली. शनिवारी दर जास्त असतो.

शेवटच्या बुधवारी ते मैदानावर एक मोठा डबा घेऊन आले. सामना झाल्यावर मुली चिखलाने माखलेल्या, डब्याभोवती जमल्या. आत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदामाचे काप, वर केळ्याच्या आणि सफरचंदाच्या फोडी. आमच्याकडच्या गोड पोह्यांसारखंच दिसत होतं.

"हे काय, मिस्टर पी? म्यूस्ली?" कॅरिसने विचारलं.

"म्यूस्लीची आजी," पेणकर म्हणाले. "याला मालिदा म्हणतात."

मला त्यांनी मराठीत बाजूला सांगितलं. मनातली गोष्ट झाली की त्यांच्यात मालिदा करतात, प्रेषित एलियाहूच्या नावाने. प्रार्थनेला खरं म्हणजे दहा पुरुष जमावे लागतात. "कार्डिफमध्ये मला दहा मिळत नाहीत. म्हटलं, पंधरा रग्बीच्या पोरी काही कमी नाहीत. त्याने चालवून घ्यावं."

"कसला नवस होता?"

"संघ टिकू दे म्हणालो होतो. टिकला." ते डब्यातल्या चमच्याकडे बघत होते. "नवस बोलताना वार सांगायचा राहिला."

मुलींनी डबा पुसून खाल्ला. कॅरिसने चिखलाच्याच हाताने दुसऱ्यांदा घेतलं आणि खोबऱ्याविषयी काहीतरी विचारलं. पेणकरांनी तिला खोबरं कसं खवायचं ते हातवारे करून दाखवलं.

पुढचा हंगाम शनिवारी सुरू झाला. सोमवारी सकाळी ते मला विचारत, मी सांगे. माझं सांगणं सुधारलं होतं. तक्ता मी सोडला नव्हता, पण आता त्यात 'हाका' असा एक रकाना होता. बुधवारी दुपारी ते टेबलाशीच बसत. इतर संघांचे सामने होतेच, ते तिकडे का जात नाहीत हे मी विचारलं नाही. नाताळनंतर ते लंडनला लिआकडे राहायला जायचे होते. तिला दुसरं मूल होणार होतं. त्यांनी ड्रॉवर आवरायला घेतला होता.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी आमच्या मैदानावर व्हॅलीतल्या त्याच गावाचा संघ आला. त्यांच्या दोन बसेस भरून माणसं आली, आजीबाईंसकट. आमच्याकडचेही आले. खेळाडूंचे आईबाप आले, आणि शहरातल्या क्लबातल्या लहान मुली चेहऱ्यावर निळे पट्टे ओढून आल्या. सामना संपता संपता पाऊस लागला, आणि मग क्लबहाउसमध्ये पाहुण्यांचं जेवण. तिथलं आवरून मी झेंडे आणि कोन गोळा करायला बाहेर पडले तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. शेजारच्या मैदानावर कुणीतरी सराव करत होतं, त्यांच्या दिव्यांचा उजेड अर्ध्या मैदानावर पडला होता.

बसस्टॉपकडून एक माणूस चालत येताना दिसला. ओव्हरकोट, टाय. पाऊस थांबला होता. त्यांनी मला पाहिलं नाही, किंवा पाहून हाक मारली नाही. ते कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी थांबले, चष्मा सारखा केला आणि मान खाली घालून टचलाइनच्या कडेने चालायला लागले. मधेच थांबत. एका ठिकाणी वाकून काहीतरी बघितलं. लहान बुटांचे ठसे असणार. त्या निळ्या पट्ट्यांच्या मुली तिथेच होत्या.

मी जवळ गेले. "काका, आपण हरलो. थोडक्यात."

"ते कळलं," ते मान वर न करता म्हणाले. "शेवटपर्यंत कुणी हललं नाही." त्यांनी हाताने दाखवलं. मैदानाच्या मधल्या रेषेपासून कोपऱ्यापर्यंत गवत असं उरलंच नव्हतं. सगळा चिखलाचा काला झाला होता.

मी म्हटलं, "आत चला, चहा आहे अजून. कॅरिसपण आहे."

"येतो. तुम्ही व्हा पुढे."

मी झेंडे शेडमध्ये नेऊन मोजले, एक कमी भरला, म्हणून बघायला परत दाराशी आले. पेणकर पुढे सरकले होते. चिखल सगळ्यात खोल होता त्या जागी, रेषेला अगदी लागून, ते पॉलिश केलेल्या बुटांनी उभे होते. मैदान रिकामं होतं. त्यांनी टाचा थोड्या हलवून नीट रुतवून घेतल्या, हात कोटाच्या खिशात घातले, आणि समोर बघत राहिले.